गरज नसलेले गोल

९ मे २०२४, गुरुवारची रात्र. जर्मनीतल्या लेव्हरकुझन या गावात युरोपा लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना संपत आला होता. पाहुणा संघ रोमा २-१ने पुढे होता. पण आठवडाभर आधी रोममध्ये जाऊन लेव्हरकुझनने पहिला सामना २-०ने जिंकला होता आणि या स्पर्धेत दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज धरतात. ती बेरीज होती ३-२, लेव्हरकुझनच्या बाजूने. म्हणजे हा सामना असाच हरला असता, तरी अंतिम फेरी पक्की होती. अशा वेळी बहुतेक संघ चेंडू कोपऱ्यात नेऊन अडवून धरतात, थ्रो-इनला वेळ लावतात आणि पंचांच्या शिट्टीची वाट पाहतात. लेव्हरकुझनचे खेळाडू मात्र हल्ले करत राहिले. भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला योसिप स्टानिशिचने चेंडू जाळ्यात धाडला. २-२. भारतात तेव्हा पहाटेचे अडीच वाजत आले होते.

स्पर्धेच्या हिशेबात या गोलाने काहीच बदललं नाही. बदललं ते एवढंच, की त्या मोसमातला लेव्हरकुझनचा तो ४९वा सामना होता आणि तोपर्यंत ते एकही सामना हरलेले नव्हते. लिस्बनच्या बेनफिका क्लबने १९६३ ते १९६५ या काळात सलग ४८ सामने न हरता काढले होते. तो जवळपास सहा दशकांचा युरोपीय विक्रम त्या एका गोलाने मागे पडला.

२०२३-२४ च्या या मोसमाबद्दल बोलताना लोक सहसा 'न हरलेला संघ' एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. मला त्याहून विलक्षण वाटते ती दुसरी गोष्ट. हरलं तरी चाललं असतं असे सामनेसुद्धा या संघाने शेवटच्या क्षणी वाचवले, आणि तेही एकदा नव्हे, तीन आठवड्यांत चार वेळा. हे कसं घडलं ते समजायचं, तर आधी युरोपातल्या एखाद्या क्लबचं वर्ष कसं बेतलेलं असतं ते पाहायला हवं.

ऑगस्टमध्ये मोसम सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. या नऊ-दहा महिन्यांत एकच संघ तीन निरनिराळ्या स्पर्धा एकाच वेळी खेळत असतो. पहिली देशातली साखळी, म्हणजे बुंडेसलीगा. अठरा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा घरी आणि एकदा बाहेर, असे ३४ सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. इथे सातत्याला महत्त्व असतं. एखादा दिवस वाईट गेला तरी पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. दुसरी जर्मन कप. यात ६४ संघ असतात, अगदी चौथ्या-पाचव्या पातळीवरचे हौशी संघही. इथे हरलात की बाहेर, परतीचा सामना नाही. याच मोसमात बायर्न म्युनिकसारखा बलाढ्य क्लब तिसऱ्या श्रेणीतल्या सारब्रुकनकडून ९६व्या मिनिटाला गोल खाऊन बाहेर पडला होता. तिसरी स्पर्धा युरोपची. तेव्हा आधी गट असत, मग बाद फेऱ्या, प्रत्येक फेरीत घरचा एक आणि परका एक सामना, शेवटी त्रयस्थ शहरात एकच अंतिम सामना. युरोपा लीग गुरुवारी रात्री खेळतात. त्यामुळे खेळाडू गुरुवारी बाकूत किंवा लंडनमध्ये, शुक्रवारी विमानात आणि रविवारी पुन्हा साखळीच्या मैदानात. ११ एप्रिल ते २५ मे या ४५ दिवसांत लेव्हरकुझनने बारा सामने खेळले.

या सगळ्यात एकदाही न हरणं किती अवघड आहे? थोडी आकडेमोड करू. आदल्या मोसमात बायर्न म्युनिकने जर्मन साखळी जिंकली होती, ती सलग अकराव्यांदा. त्या विजेत्यांनीही ३४ पैकी ५ सामने गमावले होते. म्हणजे जर्मनीतला सर्वोत्तम संघ शंभरातल्या साधारण ८५ सामन्यांत पराभव टाळत होता. आता याच दराने खेळणारा संघ सलग ५१ सामने न हरता काढेल याची शक्यता किती? ०.८५ला स्वतःशी ५१ वेळा गुणलं, की उत्तर येतं जवळपास चार हजारांत एक. दर ९० टक्के धरला, तरी दोनशेपंधरात एक. ९५ टक्के, म्हणजे वीस सामन्यांत एकच पराभव होईल इतका अफाट संघ कल्पिला, तरी चौदात एक. फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ आहे. चेंडू एकदा बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदलतो आणि नव्वद मिनिटांची मेहनत वाया जाते. चांगला संघ हरत नाही असं नाही, तो कमी वेळा हरतो, इतकंच. म्हणून तर आर्सेनलचा २००३-०४ चा गाजलेला संघ इंग्लिश साखळीत अपराजित राहिला, पण दोन देशी चषकांत आणि युरोपात हरला. जर्मन साखळीत तर १९६३ पासून कुठल्याच विजेत्याला पराभवावाचून मोसम काढता आलेला नव्हता.

आणि हे करून दाखवलं कुणी, तर हरण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या क्लबने.

लेव्हरकुझन हे ऱ्हाईन नदीकाठचं, कोलोनला लागून असलेलं औद्योगिक गाव. बायर ही रसायनं आणि औषधं बनवणारी कंपनी इथली, ॲस्पिरिन जगाला देणारी. ठाणेकरांना हे नाव परकं नाही. कोलशेत रस्त्यावर बायरचा कारखाना होता आणि बायर क्रॉपसायन्सचं कार्यालय आजही ठाण्यात आहे. १९०३ साली विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कामगाराने कंपनीला एक पत्र लिहिलं. आम्हाला क्रीडामंडळ काढायचं आहे, मदत करा, अशी विनंती. पत्राखाली १७० कामगारांच्या सह्या होत्या. कंपनी तयार झाली आणि १ जुलै १९०४ रोजी क्लब स्थापन झाला. जर्मनीत क्लबची बहुमताची मालकी सभासदांकडेच असावी असा नियम आहे. लेव्हरकुझन हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक, कारण तो जन्मापासूनच कंपनीचा. इतर गावांचे पाठीराखे यावरून त्याला हिणवत आले आहेत. मला ते हिणवणं कधी पटलं नाही. कारखान्यातल्या माणसांनी सह्या गोळा करून मागून घेतलेला क्लब आहे हा. याहून अस्सल मूळ कुठल्या क्लबाला असणार?

पण हिणवायला आणखी मोठं कारण होतं. २००० साली शेवटच्या सामन्यात लेव्हरकुझनला साखळीचं जेतेपद मिळवायला फक्त बरोबरी हवी होती. समोर होता म्युनिकशेजारच्या उंटरहाखिंग नावाच्या छोट्या गावाचा संघ. मिखाएल बलाकसारख्या खेळाडूकडून स्वयंगोल झाला, सामना ०-२ असा गेला आणि करंडक गोलफरकावर बायर्नला. दोन वर्षांनी त्याहून वाईट झालं. साखळीत तीन सामने उरले असताना पाच गुणांची आघाडी होती, ती गेली आणि डॉर्टमुंड एका गुणाने विजेता झाला. तो दिवस ४ मे २००२. ११ मे रोजी जर्मन कपच्या अंतिम सामन्यात शाल्काकडून पराभव. १५ मे रोजी ग्लासगोत चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, समोर रेआल माद्रिद. झिनेदिन झिदानने हवेतून खाली येणारा चेंडू डाव्या पायाने थेट जाळ्यात मारला, तो गोल आजही दाखवला जातो. लेव्हरकुझन १-२. अकरा दिवसांत तीन वेळा हातातोंडाशी आलेला घास गेला. तेव्हापासून सबंध जर्मनीत या गावाची ओळख 'कायमचे उपविजेते' अशी झाली. १९८८चा युएफा कप आणि १९९३चा जर्मन कप, या दोन करंडकांपलीकडे कपाट रिकामं होतं. साखळी तर एकदाही जिंकलेली नव्हती.

५ ऑक्टोबर २०२२ला शाबी अलोन्सो प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा संघ आठ सामन्यांत पाच गुण मिळवून अठरापैकी सतराव्या स्थानावर होता. खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती खरी होती. अलोन्सो खेळाडू म्हणून फार मोठा. लिव्हरपूल, रेआल माद्रिद, बायर्न, शिवाय स्पेनकडून विश्वचषक. पण पहिल्या श्रेणीच्या संघाला त्याने कधी शिकवलेलं नव्हतं. रेआल सोसिएदादच्या दुय्यम संघाचा तेवढा अनुभव. त्याच्या खेळातली एक घटना मात्र इथे सांगायलाच हवी. २००५ साली इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल मध्यंतराला ०-३ असं मागे होतं. उत्तरार्धात सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि तिसरा, बरोबरीचा, अलोन्सोचा होता. त्याची पेनल्टी आधी गोलरक्षकाने अडवली आणि परत आलेला चेंडू त्याने धावत जाऊन वर जाळ्यात मारला. संपलेला दिसणारा सामना संपलेला नसतो हे त्याला कुणी सांगून कळलेलं नव्हतं.

त्या मोसमात त्याने संघाला सहाव्या स्थानापर्यंत आणलं आणि युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. मग उन्हाळ्यात नेमकी माणसं आली. आर्सेनलहून ग्रानित झाका, बेनफिकाहून विनाशुल्क अलेहांद्रो ग्रिमाल्दो, बेल्जियममधून नायजेरियाचा व्हिक्टर बोनिफेस, ग्लाडबाखहून योनास हॉफमन, आणि बायर्नकडून वर्षभरासाठी उसना आणलेला स्टानिशिच. फ्लोरिअन विर्ट्झ आधीच होता. मार्च २०२२ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटून जवळपास वर्ष बाहेर बसलेला हा पोरगा वयाच्या विसाव्या वर्षी पुन्हा पूर्ण जोमाने धावू लागला होता.

आता हा संघ खेळायचा कसा. मागे तीन बचावपटू, मध्ये दोघे आणि दोन्ही कडांना दोन धावणारे, डावीकडे ग्रिमाल्दो, उजवीकडे जेरेमी फ्रिम्पाँग. हे दोघे नावाला बचावपटू. त्या मोसमात साखळीत ग्रिमाल्दोने १० गोल केले आणि फ्रिम्पाँगने ९. संघातल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या बोनिफेसचे गोल होते फक्त १४. त्याच मोसमात बायर्नच्या हॅरी केनने एकट्याने ३६ गोल केले आणि बायर्न तिसरं आलं. लेव्हरकुझनचे ८९ गोल सगळ्या संघात वाटले गेले होते. कुणाला अडवायचं हेच समोरच्याला ठरवता येत नसे. चेंडू आपल्या गोलसमोरच छोट्या छोट्या पासांत फिरवत ठेवायचा, समोरच्यांना पुढे यायला भाग पाडायचं आणि ते आले, की त्यांच्या पाठीमागे मोकळ्या झालेल्या जागेत झाका किंवा विर्ट्झकरवी चेंडू सोडायचा. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू क्षेत्ररक्षकांना जवळ येऊ देतो, अगदी पकड होईल असं वाटेपर्यंत, आणि मग निसटतो, तसं हे. धोका स्वतःच्या घरात बोलवायचा. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, पण त्यांचा पास क्वचित चुकायचा.

शेवटच्या मिनिटांतल्या गोलांचा उगम माझ्या मते इथेच आहे. चेंडूमागे धावणं हे चेंडू घेऊन धावण्यापेक्षा जास्त दमवतं. नव्वदपैकी साठ मिनिटं ज्यांनी डावीकडून उजवीकडे सरकत सावलीचा पाठलाग केला, त्यांचे पाय ८५व्या मिनिटाला अर्धं पाऊल उशिरा पोचतात. फुटबॉलमध्ये अर्धं पाऊल पुष्कळ झालं. त्यात २०२० पासून तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवता येतात. म्हणजे मैदानावरच्या दहापैकी निम्मे ताजे करता येतात, आणि ज्याच्या बाकावर पॅट्रिक शिक, अमीन अदली, हॉफमन असे लोक बसलेले असतात त्याला याचा फायदा सर्वाधिक. भरपाई वेळही पूर्वीसारखी दोन-तीन मिनिटांची राहिलेली नाही. दुखापती, बदल, व्हिडिओ तपासणी यांचा हिशेब पंच आता काटेकोर धरतात. सहा-सात मिनिटं सहज मिळतात.

पण एवढ्याने सगळं उलगडत नाही. हे नियम सगळ्याच संघांना सारखे होते. मागे पडलेले संघ शेवटी काय करतात? उंच चेंडू गोलसमोर भिरकावतात आणि नशिबावर सोडतात. लेव्हरकुझन ९४व्या मिनिटालाही बऱ्याचदा पहिल्याच मिनिटासारखं खेळत असे, तेच छोटे पास, तीच वाट पाहणं. घाई दिसत नसे. मला हे फार थोर वाटतं. भीती वाटत असताना आपली पद्धत न सोडणं हे शिकवता येतं, असं त्या मोसमाने दाखवून दिलं.

पहिली खूण सप्टेंबरमध्येच मिळाली होती. म्युनिकमध्ये बायर्नने ८६व्या मिनिटाला २-१ केलं आणि ९४व्या मिनिटाला एक्सेकिएल पालासिओसने पेनल्टीवर बरोबरी साधली. पुढे शरद ऋतू सुरळीत गेला. युरोपात गटातले सहाच्या सहा सामने जिंकले. जानेवारीत मात्र परीक्षा आली. एडमंड टाप्सोबा, ओडिलाँ कोसुनू आणि अदली आफ्रिकी देशांच्या स्पर्धेसाठी गेले आणि बोनिफेस नायजेरियाच्या सराव शिबिरातच जखमी झाला. १३ जानेवारीला आउग्सबुर्गविरुद्ध ९४व्या मिनिटापर्यंत ०-०. मग पालासिओस. आठवड्याने लाइपझिगविरुद्ध २-२, आणि ९१व्या मिनिटाला पिएरो इंकापिए. फेब्रुवारीत कपच्या उपांत्यपूर्व फेरीत स्टुटगार्टविरुद्ध २-२, आणि ९०व्या मिनिटाला योनाथान टा. चार दिवसांनी बायर्न घरी आलं, आणि त्यांना ३-०ने हरवलं. पहिला गोल केला स्टानिशिचने, म्हणजे बायर्नच्याच पगारपत्रकावरच्या, उसन्या दिलेल्या खेळाडूने. शेवटच्या गोलाच्या वेळी बायर्नचा गोलरक्षक मानुएल नॉयर कॉर्नरसाठी पुढे गेला होता आणि फ्रिम्पाँगने लांबूनच रिकाम्या जाळ्याकडे चेंडू सोडला.

या सगळ्यात मी पुन्हा पुन्हा पाहतो तो सामना १४ मार्चचा, अझरबैजानच्या काराबागविरुद्धचा. काराबाग हा स्वतःच विलक्षण क्लब. ज्या अग्दाम शहराचा तो, ते १९९३ साली युद्धात उद्ध्वस्त झालं आणि तेव्हापासून क्लब बाकूत खेळतो. बाकूतला पहिला सामना २-२ असा सुटला होता, तोही शिकने भरपाई वेळेत बरोबरी केल्यामुळे. घरच्या सामन्यात ५८व्या मिनिटाला काराबागने गोल केला. थोड्या वेळाने त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, आणि तरीही ६७व्या मिनिटाला त्या दहा जणांनी दुसरा गोल केला. ०-२. इथे बेरीज वाचवणार नव्हती, इथे हरणं म्हणजे युरोपातून बाहेर. ७२व्या मिनिटाला फ्रिम्पाँगने एक गोल फेडला. मग वीस मिनिटं काही नाही. चेंडू डावीकडे, चेंडू उजवीकडे, दहा थकलेल्या माणसांची भिंत. ९३व्या मिनिटाला शिकने बरोबरी केली. बरोबरी म्हणजे जादा वेळ, आणखी अर्धा तास. तेवढं झालं असतं तरी लोक खूश झाले असते. ९७व्या मिनिटाला पुन्हा शिक. ३-२. दहा जणांनिशी इतकं झुंजलेल्या काराबागसाठी आजही वाईट वाटतं.

१४ एप्रिलला वेर्डर ब्रेमेन लेव्हरकुझनला आलं, तेव्हा जिंकलं की साखळीचं जेतेपद असा हिशेब होता, आणि पाच सामने अजून शिल्लक होते. बोनिफेसची पेनल्टी, झाकाचा लांबून मारलेला फटका, आणि मग विर्ट्झचे तीन गोल. तिसरा गोल ९०व्या मिनिटाला झाला आणि लोक मैदानात उतरले. सामना तिथेच संपला, ५-०. एकशेवीस वर्षांत पहिलं जेतेपद, बायर्नची अकरा वर्षांची सत्ता संपली. तीस हजारांच्या त्या छोट्याशा स्टेडियमचं हिरवं गवत क्षणात माणसांनी झाकलं गेलं.

आणि इथून तो भाग सुरू होतो ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

चार दिवसांनी, १८ एप्रिलला, लंडनमध्ये युरोपा लीगचा वेस्ट हॅमशी सामना. पहिला सामना लेव्हरकुझनने २-०ने जिंकला होता, तेव्हा इथे १-० असं हरलं तरी पुढची फेरी मिळणार होती. १३व्या मिनिटाला वेस्ट हॅमने गोल केला आणि तसंच चालू राहिलं. ८९व्या मिनिटाला फ्रिम्पाँगने बरोबरी केली. २१ एप्रिलला डॉर्टमुंडमध्ये. साखळी तर जिंकून झाली होती, गुणांना अर्थ उरला नव्हता. डॉर्टमुंडने ८१व्या मिनिटाला गोल केला. ९७व्या मिनिटाला कॉर्नरवर स्टानिशिचचं डोकं लागलं. १-१. २७ एप्रिलला घरी स्टुटगार्ट, ०-२ असं मागे. अदलीने एक गोल केला आणि ९६व्या मिनिटाला रॉबर्ट आन्ड्रिशने दुसरा. २-२. आणि मग ९ मेची ती रोमाविरुद्धची रात्र.

या चारही सामन्यांत पराभव फुकटचा होता. तो झाला असता तर एकही करंडक हातातून गेला नसता. जेतेपद साजरं करून झालेल्या संघाने त्या महिन्यात थोडं सैल खेळलं असतं, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. जिंकून झालेले संघ सहसा तसेच खेळतात आणि ते समजण्यासारखं आहे, पाय दुखत असतात आणि अंतिम सामने जवळ आलेले असतात. इथे मात्र भरपाई वेळेत बचावपटू धापा टाकत कॉर्नरसाठी पुढे धावत होते. संघाला आता करंडकांपलीकडे दुसरंच काही हवं होतं. न हरण्याची मालिका ही कुठल्या नियमावलीत नसते, तिला चषक नाही, बक्षिसाची रक्कम नाही. ती या खेळाडूंनी आपापसात मानली म्हणून अस्तित्वात आली, आणि एकदा मानल्यावर त्यांनी तिच्यासाठी खऱ्या चषकासारखी धाव घेतली. गणिताची चौदात एक शक्यता, दोनशेपंधरात एक शक्यता, हे आकडे प्रत्येक सामना दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून निघतात. हा संघ ते गृहीतकच खोटं पाडत होता. आधीच्या चाळीस सामन्यांची आठवण एक्केचाळिसाव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात त्यांच्या पायांत उतरत होती. आणि समोरच्यांच्या मनातही. लेव्हरकुझनविरुद्ध ९०व्या मिनिटाला एका गोलाने पुढे असलेला संघ निर्धास्त दिसत नसे.

१८ मेला आउग्सबुर्गला २-१ने हरवून साखळी संपली. ३४ सामने, २८ विजय, ६ बरोबरी, पराभव शून्य. ९० गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या स्टुटगार्टपेक्षा सतराने जास्त. सगळ्या स्पर्धा मिळून ५१ सामने. उरले होते दोन, दोन्ही अंतिम.

२२ मेला डब्लिनमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना अटलांटाशी झाला. बेर्गामो शहराचा हा क्लब, आणि त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक जान पिएरो गास्पेरिनी, यांची पद्धत हल्लीच्या काळात दुर्मीळ. मैदानभर माणसाला माणूस. आपला प्रतिस्पर्धी जाईल तिथे त्याच्या पाठीला चिकटून राहायचं, अगदी त्याच्या गोलसमोरसुद्धा. लेव्हरकुझनची सगळी कला होती समोरच्याला बोलावून मोकळा माणूस शोधण्याची. इथे मोकळा माणूसच नव्हता. पाठ वळवायला जागा नाही, पास घ्यायला श्वास नाही. आदेमोला लुकमनने १२व्या, २६व्या आणि ७५व्या मिनिटाला गोल केले. तिन्ही त्याचेच. ०-३. यावेळी कुठलंही भरपाईचं मिनिट पुरणारं नव्हतं. अटलांटाने १९६३च्या इटालियन कपनंतर पहिल्यांदा मोठा करंडक उचलला. मला या पराभवाने लेव्हरकुझनचा मोसम डागाळला असं वाटत नाही. उलट, कोडं कुणीतरी शेवटी सोडवलं आणि ते इतक्या धाडसाने सोडवलं, याचाही आनंद आहे.

तीन दिवसांनी बर्लिन. जर्मन कपचा अंतिम सामना, समोर दुसऱ्या श्रेणीतला कैझर्सलाउटर्न. कागदावर सोपा. पण नऊ महिन्यांत पहिल्यांदाच हरलेला संघ तीन दिवसांत कसा उभा राहतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही, कारण तशी वेळच आलेली नव्हती. १७व्या मिनिटाला झाकाने दुरून जबरदस्त फटका मारला. १-०. मध्यंतराच्या तोंडावर कोसुनूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि संघ दहाचा झाला. सबंध उत्तरार्ध त्यांनी एका गोलाची आघाडी धरून काढली, चेंडू फिरवत, वेळ घेत, गरज पडेल तेव्हा बचाव करत. यावेळी गोल नको होता, आणि तो त्यांनी होऊ दिला नाही. ५३ सामने, ४३ विजय, ९ बरोबरी, एक पराभव, दोन करंडक.

त्या संघातले बरेच जण आता पांगले आहेत. पुढच्या मोसमानंतर अलोन्सो रेआल माद्रिदला गेला, विर्ट्झ आणि फ्रिम्पाँग लिव्हरपूलला, टा बायर्नला, झाका संडरलंडला. साखळीतली अपराजित मालिका मात्र त्याआधीच थांबली होती. नव्या मोसमात साखळीच्या पहिल्या सामन्यात, ग्लाडबाखला, विर्ट्झने १०१व्या मिनिटाला विजयी गोल केला. पेनल्टी अडवली गेली, परत आलेला चेंडू त्याने आत मारला. तो साखळीतला सलग ३५वा अपराजित सामना. ३१ ऑगस्ट २०२४ला लाइपझिग पाहुणं आलं. लेव्हरकुझन २-०ने पुढे होतं, मग २-२ झाले आणि ८०व्या मिनिटाला लोइस ओपेंडाने लाइपझिगला आघाडी मिळवून दिली. वेळ पुष्कळ उरला होता. त्या वसंतात याहून कितीतरी कमी वेळात त्यांनी सामने फिरवले होते. हा सामना २-३ असाच संपला.